इंग्रजीवाल्यांना सगळ्यात अवघड जाणाऱ्या भाषा, आणि त्याच भाषा आपल्याला कशा जातात

जगातली सगळ्यात अवघड भाषा कोणती असं विचारलं की बहुतेक जण पटकन चिनी म्हणतात, काही जपानी म्हणतात, काही अरबी. नेटवर शोधलं तरी तीच चार-पाच नावं सगळीकडे, फक्त क्रम मागेपुढे. पण ही लिस्ट आली कुठून, कुणासाठी केली होती आणि अवघडपणा मोजला कसा, हे कुणी सांगत नाही, आणि मग आपल्याकडची मुलं ती वाचून शिकायच्या आधीच हबकतात. मी पुण्यात जपानीचे क्लास घेते, त्यामुळे ही भीती प्रत्येक बॅचमध्ये बघते, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातली अर्धीअधिक भीती उसनी आहे, दुसऱ्याची आहे. म्हणून जरा मुळापासून सांगते.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट, १९४७ साली सुरू झालेली, वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये. ज्या अधिकाऱ्यांना परदेशात वकिलातीत पाठवायचं त्यांना तिथली भाषा शिकवणं हे त्यांचं एक मोठं काम. इतकी वर्षं शिकवून त्यांच्याकडे पक्का हिशोब जमला, की इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसाला अमुक भाषा कामापुरती, म्हणजे बैठकीत बोलता येईल, पेपर वाचता येईल इतकी यायला साधारण किती आठवडे लागतात. त्यांच्याकडे शून्य ते पाच अशी पट्टी असते, त्यातल्या तीन नंबरपर्यंत पोचायचं. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, डच, स्वीडिश असल्या भाषांना साधारण ६०० ते ७५० तास लागतात. जर्मन, इंडोनेशियन, स्वाहिली यांना ९०० च्या आसपास. मग येतो मोठा गठ्ठा, रशियन, ग्रीक, तुर्की, फिनिश, हंगेरियन, थाई, व्हिएतनामी आणि आपली हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, यांना ४४ आठवडे म्हणजे ११०० तास. आणि सगळ्यात वर पाच नावं: अरबी, मँडरिन (आपण नुसतं चिनी म्हणतो ती), कँटनीज, जपानी आणि कोरियन. यांना ८८ आठवडे, २२०० तास. म्हणजे थेट दुप्पट.

हे तास वर्गातले बरं का, घरचा अभ्यास वेगळा. वर्ग छोटा, मास्तर तयारीचे, आणि शिकणाऱ्याला नोकरी म्हणून पगार देऊन दिवसभर हेच करायला बसवलेलं. तुम्ही शनिवार-रविवारचा दोन-दोन तासांचा क्लास लावला तर आठवड्याला चार तास झाले, त्या हिशोबाने २२०० तासांना ५५० आठवडे लागतात, साडेदहा वर्षं! त्यामुळे तीन महिन्यांत फाडफाड जपानी अशी जाहिरात दिसली की सरळ पुढे जायचं.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे आकडे इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत. भाषेला स्वतःचं असं काही वजन नसतं, कोरियातलं तीन वर्षांचं पोर कोरियन बोलतंच आणि मराठी पोर मराठी बोलतंच, दोघांना साधारण सारखाच वेळ लागतो. मोठेपणी शिकताना जे जड जातं ते असतं तुमच्या भाषेपासून त्या भाषेपर्यंतचं अंतर. आणि अंतर मोजायचं तर तुम्ही कुठे उभे आहात हे आधी बघावं लागतं.

इंग्रजीवाला कुठे उभा आहे ते बघा. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबाराची, कोर्टाची, बड्या लोकांची भाषा फ्रेंच झाली. त्यातून इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा असा पूर आला की आज इंग्रजी माणूस स्पॅनिश शिकायला बसला की पहिल्याच दिवशी त्याला शेकडो शब्द फुकट मिळतात. इंग्रजीतला नेशन तिकडे नासिओन, इन्फर्मेशन तिकडे इन्फोर्मासिओन, अॅनिमल आणि हॉस्पिटलचं तर स्पेलिंगही तेच, फक्त हॉस्पिटलचा ह खायचा. लिपी तीच, वाक्याची रचना जवळपास तीच. जर्मन तर इंग्रजीची सख्खी चुलत बहीण, तरी तिला स्पॅनिशपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण जर्मननं विभक्त्या आणि तीन लिंगं सांभाळून ठेवली आणि इंग्रजीनं ती कधीच टाकून दिली. नातं जवळचं असलं म्हणजे सोपं जाईलच असं नाही.

इंडोनेशियनचं नातं इंग्रजीशी काहीच नाही, पण लिपी रोमन, क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, अनेकवचन करायचं तर शब्द दोनदा म्हणायचा, बुकू म्हणजे पुस्तक, बुकू-बुकू म्हणजे पुस्तकं. म्हणून ती लवकर येते. आणि आपल्याला तर तिथे शब्दही ओळखीचे भेटतात: बाहासा म्हणजे भाषा, गुरू म्हणजे शिक्षक, नामा म्हणजे नाव, वार्ना म्हणजे रंग, इस्त्री म्हणजे बायको, सुआमी म्हणजे नवरा. हे सगळं संस्कृतातून हजार-दीड हजार वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं.

मधल्या ११०० तासवाल्या गटात आपल्याकडच्या भाषा येतात, तर इंग्रजीवाल्याला आपल्याकडे नक्की काय नडतं ते बघू, कारण आपल्याला ते कधी जाणवतच नाही. पहिलं म्हणजे त आणि ट. त्याच्या कानाला दोन्ही एकच. मग द-ड, आणि वर थ, ठ, ध, ढ. ताट आणि थाट त्याला सारखंच ऐकू येतं. मग लिंग, तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल, याला नियम काय असं विचारलं तर आपल्याकडे धड उत्तर नसतं. आणि खरी मेख पुढे आहे: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारा तोच, तरी क्रियापद फिरतंय ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे! इंग्रजीत असलं काहीच नाही, त्यामुळे त्याला प्रत्येक वाक्याला थांबून विचार करावा लागतो की मघाशी मी काय खाल्लं. शिवाय रस्ता असतो पण रस्त्यात होतं, पाणी असतं पण पाण्यात होतं, आणि आकडे, एकोणपन्नास ऐकून डोक्यात पन्नासच येतो आणि तो असतो ४९. शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा सुटा पाठ करावा लागतो.

तरी माणसं शिकली आहेत, आणि कशी शिकली आहेत! इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत जवळपास ११ हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत कारण देवनागरीचे खिळेच तेव्हा तिथे नव्हते. शिवाय कोंकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं, ते त्यांच्या मागे १६४० मध्ये छापलं. पुढे मोल्सवर्थनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि आजही एखादा जुना मराठी शब्द अडला की आपणच त्या इंग्रज माणसाचा कोश उघडतो. मला या दोघांबद्दल फार आदर वाटतो, ना अॅप ना रेकॉर्डिंग, नुसता कान आणि चिकाटी.

आता त्या वरच्या पाचांकडे येऊ. या पाचही भाषा एकाच कारणाने अवघड नाहीत, हे लक्षात घेतलं की अर्धा गोंधळ मिटतो. कुठे लिपी नडते, कुठे उच्चार, कुठे वाक्याची रचना, कुठे शब्दांची अजिबात ओळख नसणं, कुठे समोरचा माणूस कोण त्यावरून भाषा बदलणं.

मँडरिन घ्या. तिचं ग्रामर ऐकाल तर खरं वाटणार नाही. क्रियापद कधीच बदलत नाही. मी जा, तो जा, ते जा, काल जा, उद्या जा, अशी रचना, काळ सांगायला काल-उद्या असे शब्द आणि एखादं छोटं अक्षर पुरतं. लिंग नाही, विभक्ती नाही, शब्दांचा क्रमही बराचसा इंग्रजीसारखा. मग २२०० तास कशाला? एक म्हणजे टोन. चार टोन, पाचवा हलका. सरळ वरच्या सुरात मा म्हटलं तर आई, सूर प्रश्न विचारल्यासारखा वर नेला तर ताग, खाली नेऊन वर आणला तर घोडा, आणि वरून एकदम खाली आपटला तर शिव्या घालणं. विकत घेणे आणि विकणे हे दोन्ही माय, फरक फक्त सुराचा, म्हणजे दुकानात उभं राहून सूर चुकला तर गिऱ्हाईकाचा दुकानदार होतो. इंग्रजीवाल्याची अडचण अशी की तो सूर भावनेसाठी वापरतो, शंका आली की त्याचा आवाज आपोआप वर जातो, आणि इथे आवाज वर गेला की शब्दच बदलतो. आपलंही तसंच आहे, मराठीत टोन नाहीत, भारतात पंजाबीत आहेत. त्यामुळे या बाबतीत आपण आणि इंग्रजीवाले एकाच बाकावर.

पण व्यंजनांच्या बाबतीत आपण पुढे असतो. चिनी रोमन लिपीत लिहायची जी पिनयिन पद्धत आहे, १९५८ पासूनची, तिच्यात जिथे बी लिहितात तो खरा उच्चार आपल्या प च्या जवळचा आणि जिथे पी लिहितात तो ओठ मिटून म्हटलेल्या फ च्या जवळचा. इंग्रजीवाल्याला प आणि फ हा फरक कधी वेगळा करावाच लागलेला नाही, आपण तो बालवाडीत शिकतो. आणि आपला च दोन तऱ्हेचा असतो ना, चाकातला वेगळा आणि चहातला वेगळा, ते दोन्ही मँडरिनमध्ये आहेत. हिंदीवाल्यालाही हा फायदा नाही, मराठी माणसाला आहे.

दुसरी गोष्ट लिपी. चीनमध्ये २०१३ साली सरकारनं ८१०५ चिन्हांची प्रमाण यादी काढली, त्यातली पहिली ३५०० रोजच्या वापरातली. लोक म्हणतात हे म्हणजे हजारो चित्रं पाठ करायची. तसं नसतं. आई या अर्थाचं चिन्ह बघा, डावीकडे बाईचं चिन्ह, उजवीकडे घोड्याचं. आईचा घोड्याशी काय संबंध? काहीच नाही, घोडा तिथे फक्त आवाज सांगायला बसवलाय, कारण घोडा म्हणजे मा. डावा भाग सांगतो की बाईशी काहीतरी संबंध आहे, उजवा सांगतो की उच्चार मा सारखा आहे. वाक्याच्या शेवटी प्रश्न करायला जो मा लावतात त्यात तोंडाचं चिन्ह आणि घोडा. शिव्या घालण्याच्या मा मध्ये वर दोन तोंडं आणि खाली घोडा. एकदा हे डोक्यात बसलं की चिन्हं एकमेकांना धरून येतात, बहुतेक चिनी चिन्हं अशीच अर्थ अधिक आवाज या पद्धतीनं बनलेली आहेत. तरी मेहनत आहेच, कारण आवाज सांगणारा भाग हजारो वर्षांपूर्वीचा, मधल्या काळात उच्चार सरकले, सगळीकडे तो बरोबर लागतोच असं नाही.

कँटनीज ही हाँगकाँग आणि ग्वांगडोंगकडची, तिच्यात सहा टोन, आणि वर ही कटकट की लोक बोलतात कँटनीज पण औपचारिक लिहितात ते मँडरिनवर बेतलेलं, त्यामुळे जे शिकलात ते जसंच्या तसं पेपरात दिसत नाही.

अरबीबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय कारण तिथे मराठी माणसाकडे एक खजिना आहे आणि त्याला पत्ता नसतो. अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. क-त-ब हा लिहिण्याचा सांगाडा. त्यात स्वर बदलून भरले की किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, पुढे म लावला की मकतब म्हणजे लिहिण्याची जागा, ऑफिस. इंग्रजीवाल्याला हे नवीनच, त्याला शब्दाच्या मागेपुढे काही जोडायची सवय, शब्दाच्या पोटात शिरून स्वर बदलायची नाही. आता आपला एक सांगाडा घ्या, अरबी अ-म-ल, अर्थ काम करणे. यातलाच अमल म्हणजे आपला अंमल, त्यावरून अंमलदार आणि अंमलबजावणी. त्याच सांगाड्यातून मुआमला, म्हणजे आपला मामला, मामलत आणि तहसील कचेरीतले मामलेदार. त्यातूनच मामूल, नेहमीचं असं, म्हणजे आपलं मामुली. आणि हिंदीतलं इस्तेमालसुद्धा त्यातलंच. तसंच नजर आणि कोर्टातले नाझर, दोन्ही न-झ-र. हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले की परके वाटतच नाहीत. अरबी शिकायला बसणाऱ्या मराठी माणसानं पहिल्या आठवड्यात असे शब्द वहीत सांगाड्याप्रमाणे मांडावेत असं मी म्हणेन, ग्रामरचं पुस्तक त्यानंतर उघडावं.

बाकी अरबी खरंच कष्टाची आहे. लिपी उजवीकडून डावीकडे, पण ती फार मोठी अडचण नाही, २८ अक्षरं काही आठवड्यांत येतात. अडचण ही की ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. क-त-ब एवढंच लिहिलेलं असतं आणि ते कतब म्हणजे त्यानं लिहिलं, कुतिब म्हणजे लिहिलं गेलं, की कुतुब म्हणजे पुस्तकं, हे वाक्य बघून तुम्ही ओळखायचं. कुराणात आणि लहान मुलांच्या पुस्तकांत स्वरांच्या खुणा असतात, पेपरात नसतात. म्हणजे वाचता यायला आधी भाषा यायला पाहिजे, आणि भाषा यायला वाचन पाहिजे! तीन ते दहा आकड्यांना नामाच्या उलट लिंग लागतं. घशातून काढायचे काही आवाज असे की ते इंग्रजीतही नाहीत आणि मराठीतही नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुस्तकी अरबी आणि बोलीतली अरबी यांच्यात बरंच अंतर. काय हा साधा शब्द घ्या, पुस्तकात माझा, कैरोत एह, बैरुत-दमास्कसकडे शू, मोरोक्कोत श्नू. बातम्या पुस्तकी अरबीत, घरातलं बोलणं बोलीत, त्यामुळे शिकणारा एका भाषेच्या नावाखाली खरं तर दीड-दोन भाषा शिकत असतो. रत्नागिरी-रायगडकडून आखातात कामाला गेलेली माणसं तिथली बोली कानावर पडून पडून शिकतात, धडाधड बोलतात, पण पेपर वाचता येत नाही. आणि पुस्तकं वाचून गेलेल्याचं नेमकं उलटं होतं.

कोरियनची लिपी या पाचांत सगळ्यात सोपी. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ती तयार करवली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली. तेव्हाच्याच ग्रंथात म्हटलंय की शहाण्या माणसाला ती एका सकाळीत येते आणि मंद माणसालाही दहा दिवसांत. खोटं नाहीये ते. काही अक्षरांचा आकारच जीभ तोंडात कुठे टेकते त्याच्यावरून घेतलाय, आणि अक्षरं एकामागोमाग न लिहिता व्यंजन-स्वर मिळून एक चौकोन करतात, आपल्या बाराखडीची सवय असलेल्याला ते पटकन कळतं. मग ती २२०० तासांत का? कारण लिपी आली तरी शब्द एकही ओळखीचा नाही, इंग्रजीतून घेतलेले सोडले तर. क्रियापदाची शेपटी समोर कोण आहे त्यावर बदलते. आकड्यांचे दोन संच, एक अस्सल कोरियन, एक चिनीवरून आलेला, आणि साडेतीन वाजले म्हणायचं तर तास पहिल्या संचात, मिनिटं दुसऱ्यात: से शी सामशिप बुन. से हा कोरियन तीन, सामशिप हा चिनी वळणाचा तीस. उच्चारात बुल म्हणजे आग, फुल म्हणजे गवत, आणि मध्ये तिसरा, घट्ट दाबून म्हटलेला प्पुल म्हणजे शिंग. इंग्रजीवाला तिन्हीला चुकतो, आपल्याला ब-प-फ ची सवय म्हणून दोन तरी नीट ऐकू येतात, तिसऱ्याला आपणही अडखळतो.

आणि आता जपानी. याच लिस्टमध्ये पूर्वी जपानीच्या नावापुढे एक फुली असायची, की बाकीच्या चारांपेक्षाही ही थोडी जास्तच अवघड. इंग्रजीवाल्यासाठी ते बरोबरच आहे. पण हे वाक्य बघा.

वाताशी वा किनोउ तोमोदाची तो पुणे नी इकिमाशिता.
मी काल मित्राबरोबर पुण्याला गेलो.

शब्दाखाली शब्द ठेवा. वाताशी, मी. किनोउ, काल. तोमोदाची तो, मित्राबरोबर, आणि हा बरोबर जपानीतही शब्दाच्या नंतरच येतो. पुणे नी, पुण्याला. इकिमाशिता, गेलो. एक वा तेवढा जास्तीचा आहे, तो मी बद्दल बोलतोय हे दाखवायला. बाकी काहीही हलवावं लागलं नाही. हेच इंग्रजीत नेताना सगळं उलटंपालटं करावं लागतं, गेलो पुढे, ला पुण्याच्या आधी, बरोबर मित्राच्या आधी, काल शेवटी. इंग्रजीवाल्याचे त्या २२०० तासांतले किती तास नुसतं हे डोकं उलटं फिरवण्यात जात असतील विचार करा, आणि आपल्याला ते पहिल्या दिवसापासून आपोआप मिळतं.

अजून पुढचं. हाहा गा किनोउ कात्ता होन. आईनं काल विकत घेतलेलं पुस्तक. इंग्रजीत आधी पुस्तक येतं आणि मग त्याची शेपटी लांबत जाते, जपानीत आणि मराठीत सगळं वर्णन आधी आणि पुस्तक शेवटी. मराठीत आपल्याकडे हे घेतलेलं, वाचलेलं, दिलेलं आहे ना, तेच काम कात्ता करतो. पुस्तकातला हा धडा इंग्रजीवाल्यांना फार छळतो, माझ्या वर्गात तो एका तासात संपतो.

आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद ज्याचा होतो ते म्हणजे जोडक्रियापदं. ताबेते म्हणजे खाऊन. मिरु म्हणजे बघणे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, अगदी आपण म्हणतो त्याच अर्थानं, चव घेऊन बघ असं. ओकु म्हणजे ठेवणे. कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणे, नंतर लागेल म्हणून. शिमाउ म्हणजे आवरून टाकणे, ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणे, संपवून टाकलं असा भाव. आता खाऊन बघ, घेऊन ठेव, खाऊन टाक हे तिन्ही इंग्रजीत सांगायला बसा, प्रत्येकाला वेगळी लांबलचक रचना लागेल आणि तरी तो भाव निसटेल. दोन भाषा, काही नातं नाही, हजारो किलोमीटरचं अंतर, आणि बोलायची तऱ्हा अशी सारखी! हे समजावून सांगताना वर्गातल्या मुलांचे चेहरे खुलतात, कारण तोपर्यंत त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की तुम्ही अर्धा रस्ता आधीच चालून आलाय.

आवाजाचे शब्द घ्या. पाऊस धो-धो पडतो, तिकडे झाआ-झाआ. रिमझिम पडतो, तिकडे शितो-शितो. छातीत धडधडतं, तिकडे दोकी-दोकी. चांदण्या लुकलुकतात, तिकडे किरा-किरा. जपानीत असे शब्द ढिगानं आहेत, मोठी माणसं गंभीर बोलण्यात वापरतात, आणि इंग्रजीवाल्याला ते बालिश वाटतात म्हणून तो ते शिकायला तयार होत नाही. आपण तर रिपरिप, भुरभुर, टकामका, चिडीचूप यांच्यावरच वाढलो. त्सुनामीतला त्सु सुद्धा आपल्या चुकीतल्या च चा, इंग्रजीवाला सरळ सुनामी म्हणून मोकळा होतो.

आदराचं तसंच. जपानीत खाणे या एका क्रियेला ताबेरु, समोरच्याला मान द्यायचा तर मेशीआगारु, स्वतःकडे कमीपणा घ्यायचा तर इतादाकु. स्वतःच्या आईबद्दल बाहेरच्यांशी बोलताना हाहा, दुसऱ्याच्या आईबद्दल ओकासान. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, या बसा आणि ये बस यातला फरक कळतो, तुमच्या मातोश्री कशा आहेत असं म्हणणारी पिढी अजून आहे. तरी एक सांगते, जपानी आदराची भाषा मराठीपेक्षा खूप खोल आहे, आपल्या कंपनीच्या साहेबाबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलताना तिथे साहेबालाही मान द्यायचा नसतो, कारण तो आपल्या बाजूचा. आपल्याला हे विचित्रच वाटतं, साहेब म्हणजे साहेब. इथे आपली मुलं हमखास चुकतात.

मग आपल्याला जपानी सोपी का? नाही. कांजी आहे, म्हणजे चिनी चिन्हं. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या, त्या होतात. पण चीनकडून घेतलेल्या कांजी, रोजच्या वापराच्या यादीत २१३६, २०१० साली ठरवलेल्या. जपानी मुलं सहावीपर्यंत १०२६ शिकतात, उरलेल्या पुढच्या शाळेत. आणि चिनीपेक्षा इथे एक कटकट जास्त, एका कांजीचे अनेक उच्चार, काही चिनीवरून आलेले काही अस्सल जपानी. माणूस या अर्थाची कांजी अगदी दोन रेघांची आहे, पण ती निहोनजिन म्हणजे जपानी माणूस यात जिन, सान-निन म्हणजे तीन माणसं यात निन, नुसती असली तर हितो, आणि एक माणूस म्हणायचं तर हितोरी. सेनसेई म्हणजे शिक्षक, त्यातला सेई ज्या कांजीनं लिहितात तीच कांजी कच्चं या अर्थानं नामा वाचतात, जगणं म्हणायचं तर इकिरु आणि जन्माला येणं म्हणायचं तर उमारेरु. याला शॉर्टकट नाही. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायची सवय असलेल्या माणसाला हे इंग्रजीवाल्यापेक्षाही जास्त खटकतं असं माझं निरीक्षण आहे, कारण इंग्रजी माणूस निदान स्वतःच्या विचित्र स्पेलिंगांनी रुळलेला असतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की ती अमेरिकन लिस्ट समोर ठेवा, पण तासांची वाटणी आपली आपण करा. ग्रामर बोलून बोलून लवकर उरका, मराठीतून विचार करा, मध्ये इंग्रजी आणू नका, मी तर सुरुवातीला जपानी वाक्याखाली थेट मराठीच लिहायला लावते. आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजीतल्या पुस्तकांवरून जपानी शिकतात, त्यात इंग्रजीवाल्यांच्या अडचणींना पानंच्या पानं दिलेली असतात आणि आपल्या अडचणींना दोन ओळी. मग आपला मुलगा जे त्याला आधीच येतं ते पुन्हा कठीण करून शिकतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. वाचलेला वेळ कांजीला द्या, पहिल्या महिन्यापासून, एन-फोर ही जपानीची सुरुवातीची परीक्षा झाल्यावर बघू असं नाही. सुटी कांजी पाठ करू नका, शब्दासकट करा, म्हणजे उच्चारांचा गोंधळ कमी होतो. रोज पाच नवीन धरल्या तर २१३६ ला चौदा महिने लागतात, उजळणी धरून साधारण दुप्पट वेळ ठेवा, आणि हातानं लिहा, निदान पहिल्या पाचशे तरी, रेघांच्या क्रमानं.